आप्पाचं पाणी

आमच्या वाळूजच्या शेडमध्ये कुणी मूर्खपणा केला की बाकीचे म्हणतात, "केलंस ना आप्पाचं पाणी!" कुणी चालू मशीनमध्ये फडकं घातलं तरी हेच, आणि कुणी बायकोशी भांडून सासूला फोन लावला तरी हेच. ही म्हण आता शेडपुरती राहिलेली नाही. बजाजनगरच्या टपऱ्यांवर ती ऐकू येते, आणि अलीकडं पाचोडच्या आठवडी बाजारातसुद्धा. ती पसरवली मी. ती खोटी आहे हे पक्कं ठाऊक असलेला माणूसही मीच.

माझं नाव भिकन. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, पाचोडपासून दोन कोस आत. आप्पा माझा थोरला चुलतभाऊ. मेंढरं भावकीत वाटून तो शहरात आला, लेथवर हात बसवला आणि मग मला बोलावून घेतलं. मला पाना कुठल्या बाजूनं धरायचा ते कळत नव्हतं तेव्हा सगळे हसायचे. आप्पा हसला नाही. त्यानं कानाखाली एक ठेवून दिली आणि मग हात धरून शिकवलं. माझ्या ताटातला घास त्याचा आहे, हे मी तेव्हाही म्हणायचो, आजही म्हणतो. म्हणायला काय जातंय?

आमच्याकडं मॅग्नेशियमचे भाग कातले जातात. धातू दिसायला गरीब. उचलला तर वजन जाणवत नाही, कातायला मऊ. पण त्याचा बारीक चुरा पेटला तर ती आग वेगळीच. जाळ कमी, उजेड फार. डोळ्यांपुढं पांढरं येतं आणि मग बराच वेळ काहीच दिसत नाही. या आगीवर पाणी टाकायचं नसतं. पेटलेलं मॅग्नेशियम पाण्यातला प्राणवायू ओढून घेतं, मागं हायड्रोजन उरतो, आणि तो पेटला की स्फोट होतो. टाकायची ती कोरडी वाळू, तीही फेकायची नाही, घमेल्यानं कडेकडेनं हळूच पसरायची. नाहीतर या आगीसाठी मिळते ती खास पावडर. आग दिसली की पाण्याकडं धावायचं हे जन्मापासून अंगात भिनलेलं असतं, ते काढायला नव्या माणसाला महिने लागतात.

आप्पा ते काढायचा. शाळा सातवीपर्यंत, पण चुऱ्याची गोष्ट निघाली की इंजिनियरसुद्धा गप्प बसून ऐकायचे. चुरा तासातासाला झाडायचा. झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा. बोथट टूल वापरायचं नाही, ते घासून तापतं. चुऱ्याला ओल लागू द्यायची नाही, कारण ओला चुरा बंद डब्यात आतल्या आत गॅस धरतो. शेडच्या शटरबाहेर, पॅसेजमध्ये वाळूचं पिंप होतं. दर सोमवारी आप्पा त्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळातली मूठभर वाळू वर काढून आवळायचा आणि मूठ उघडायचा. वाळू बोटांतून सांडून गेली तर कोरडी. मुठीचा आकार धरून बसली तर ओली, मग अख्खं पिंप उन्हात पसरायचं. "पाणी हितं आपला दुश्मन हाय," असं तो म्हणायचा.

नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट. चैत्र संपत आला होता, ऊन मी म्हणत होतं. आप्पा गावाकडं एका लग्नाला पाच दिवस गेला होता. कंपनीतल्या कूलरच्या पाण्याला प्लॅस्टिकचा वास येतो म्हणून तो कायम कुरकुर करायचा. मी विचार केला, बघू, भावाला खूश करू. पडेगावच्या रस्त्याला कुंभार बसतो त्याच्याकडून एक चांगला खणखणीत माठ आणला. शेडच्या आत पाणी न्यायला बंदी, तेवढी अक्कल मला होती, म्हणून पॅसेजमध्ये ठेवायचं ठरवलं. आणि माठ म्हटला की खाली वाळू लागते. वाळू समोरच होती. मी पिंपावरचं झाकण काढलं, वाळूत खळगा केला, माठ बसवला आणि भोवतीनं दोन तांबे पाणी ओतलं. रोज सकाळी दोन तांबे, संध्याकाळी दोन. वाळू ओली ठेवली की माठातलं पाणी गार होतं. आमच्याकडं हे कुणाला शिकवावं लागत नाही, हात आपोआप करतो. चार दिवस सगळ्यांनी पोटभर गार पाणी प्यायलं आणि मला दुवा दिला.

त्या चार दिवसांत एकदाही माझ्या मनात आलं नाही की ही वाळू कशासाठी आहे. शपथ घेऊन सांगतो. एवढ्यापुरता मी गुन्हेगार नाही, फक्त गाढव आहे. पुढचं वेगळं आहे.

पाचव्या दिवशी आप्पा गावाहून थेट दुपारच्या पाळीला आला. बॅग कोपऱ्यात टाकून मशीनकडं गेला. त्याला माठ दाखवायचा म्हणून मी पॅसेजमध्ये उभा होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी रामकिसनच्या मशीनखालच्या ट्रेमधला चुरा पेटला. भर दुपारी शेडच्या भिंतींवर आमच्या सावल्या उठल्या, इतका उजेड. रामकिसन मागच्या दारानं पळाला, बाकीचेही त्याच्या मागं. पावडरचा एकुलता एक सिलिंडर भरायला गेला होता.

"पाणी आणू नका! कुणी पाणी आणू नका!" आप्पा ओरडत बाहेर आला. पिंपावर माठ बघून क्षणभर थबकला, मग हातानं तो बाजूला सारला. माठ पडून फुटला, पाणी शटरखालून आत वाहत गेलं. त्यानं घमेलं वाळूत खुपसलं आणि भरून उचललं. त्याची नजर आगीवर होती. माझी नजर घमेल्यावर होती. ओली वाळू काळपट दिसते. घमेल्यात ढेकळं होती.

पिंपापासून त्या मशीनपर्यंत बारा पावलं आहेत. नंतर मी ती मोजली, पुष्कळदा मोजली. एका पावलात 'आप्पा' म्हणता येतं, दुसऱ्यात 'थांब'. दहा पावलं शिल्लक राहतात. माझ्या तोंडातून शब्द निघाला नाही. भीतीनं वाचा बसली असं मी स्वतःला खूप वर्षं सांगितलं. खरं कारण फार लहान आहे. मी ओरडलो असतो तर वाळू कुणी भिजवली ते निघालं असतं, आणि आप्पानं नंतर सगळ्यांदेखत माझी अब्रू काढली असती. मला लाज वाटली. बारा पावलं मी लाज सांभाळत उभा राहिलो.

आवाज बजाजनगरपर्यंत ऐकू गेला म्हणतात. मला तो आठवत नाही.

आप्पाला घाटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तो दोन दिवस जगला. तोंड, डोळे, सगळं पट्ट्यांत, बोलता येत नव्हतं. उजवा हात गेल्यातच जमा होता. डाव्या हाताची बोटं तेवढी मोकळी होती, आणि त्या हाताची मूठ तो आवळायचा, वर उचलायचा, उघडायचा. पुन्हा आवळायचा, पुन्हा उघडायचा. त्याची बायको बानावहिनी उशाशी बसून रडायची. "भावजी, पाणी मागायलेत. ओंजळ करून दाखवायलेत. अन् डाक्टर म्हनतो थेंब द्यायचा नाय." मी खाली बघायचो. आप्पा पाणी मागत नव्हता. वाळू ओली होती, एवढंच तो सांगत होता, आणि त्या खोलीत ते कळणारा मी एकटाच होतो.

तो गेला त्या दिवशी सकाळी मी पिंपातली उरलेली वाळू मागच्या नाल्यात ओतली आणि कोरडी भरली. दुपारी चौकशीचे साहेब आले. शटरपाशी माठाच्या खापऱ्या होत्या, फरशीवर पाण्याचा ओघळ वाळला होता. "आगीवर पाणी टाकलं का यानं?" साहेबांनी विचारलं. आमचे मालक तात्यासाहेब माझ्याकडं बघू लागले. मी म्हणालो, "हो." माठ कुणाचा? "त्याचाच." तू कुठं होतास? "बाहेर, गेटवर." झालं. माठ माझा आणि तो पिंपावर होता हे सगळ्यांना माहीत होतं, पण सगळेच आग बघून पळालेले. कुणी फाटे फोडले नाहीत. माझ्या एका 'हो'मध्ये सगळ्यांची सोय होती.

बैल गेला अन् झोपा केला, तशी मग शेडमध्ये पावडरचे सहा सिलिंडर आले, भिंतीवर पाट्या लागल्या, आणि आगीच्या सुरक्षेचा माणूस म्हणून तात्यासाहेबांनी माझी नेमणूक केली. आप्पाच्या हाताखालचा माणूस, अनुभवी, घरचं दुःख भोगलेला! वर्षातून चार वेळा मी नव्या लोकांना बसवून सांगू लागलो, की बघा, पंधरा वर्षं दुसऱ्यांना शिकवणारा माणूस, ऐन वेळी घाबरला आणि त्यानं माठभर पाणी टाकलं. लोक ऐकायचे. गोष्ट परिणामकारक होती, त्यात शंका नाही. दुसऱ्या वर्षी कुणीतरी हसला, तिसऱ्या वर्षी म्हण झाली.

आप्पा मला पहिल्यांदा दिसला तो पहिल्या भाषणानंतर. दुपारी दोनचा भोंगा झाला होता, पॅसेजमध्ये ऊन आडवं पडलं होतं आणि तो पिंपापाशी उभा होता. पट्ट्या नाहीत, भाजल्याची खूण नाही, खाकी शर्ट, खिशाला पेन. कोपरापर्यंत हात वाळूत. त्यानं हात वर काढला, मूठ आवळली आणि माझ्यासमोर उघडली. वाळू मुठीचा आकार धरून बसली होती. तो रागात नव्हता. शिकवताना जसा बघायचा तसा बघत होता, की सांग बरं आता, कोरडी का ओली? मी धावत जाऊन पिंपात हात घातला. तिथं कुणी नव्हतं, आणि वाळू माझ्या हाताला ओली लागली.

मी ती पत्र्यावर पसरून तीन दिवस उन्हात ठेवली. तरी ओली. चुलीवर कढईत भाजली. तरी ओली. दुसऱ्यांना हात लावायला सांगितलं तर म्हणतात, "भिकनमामा, फुफाट्यावानी कोरडी हाय की." त्यांच्या बोटांतून ती सांडायची. माझ्या मुठीत ढेकूळ व्हायचं. असं नऊ वर्षं चाललं. घरीसुद्धा मी पिठात हात घालून मूठ आवळतो, मिठात आवळतो, साखरेत आवळतो. माझी बायको कस्तुरा आधी चिडायची, मग देवऋषी झाला, दर्गा झाला, आता ती डबे उंच फळीवर ठेवते. मला भुताची भीती वाटते असं नाही. तो काही करत नाही. तो फक्त रोज दोनला विचारतो आणि मी रोज उत्तर देत नाही.

या वर्षी आखितीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी सकाळी अकराला गेटवरून फोन आला, की एक बाई आल्यात, तुमच्या वहिनी म्हणतात. बानावहिनी आप्पा गेल्यापासून गावीच, भावाच्या मेंढरांमागं. नऊ वर्षांत तिनं कंपनीकडं पाय वळवला नव्हता. केस पांढरे, पाय फुटलेले, कडेवर नवा कोरा मातीचा करा, तोंडाला फडकं बांधलेला. आखितीला आमच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं पाण्याचा करा भरतात. त्याला पाणी पोचल्याशिवाय घरच्यांनी नव्या माठाचं पाणी प्यायचं नाही.

"दर साल घरी भरते," ती म्हणाली, "पर त्यास्नी पोचत नाय, भावजी. सपनात येत्यात अन् मूठ करून दावत्यात. दवाखान्यात दावत व्हते तसंच. तहानेलं हाईत आजून. मला कुणीतरी म्हनलं, जिथं पडले तिथं भर."

सुट्टीमुळं मशीनं बंद होती, शेड झाडून स्वच्छ होती. मी तिला पॅसेजमध्ये घेऊन आलो. शटरवर मीच लावलेली पाटी आहे, 'आत पाणी नेण्यास सक्त मनाई'. तिला वाचता येत नाही. मी म्हणालो, "वहिनी, आत पाणी चालत नाही."

"बरं, मग भाईर ठेवते." तिनं इकडं-तिकडं बघितलं आणि ती सरळ वाळूच्या पिंपाकडं गेली. एका हातानं झाकण सरकवलं, वाळूत खळगा करायला लागली. अगदी मी केला होता तसा.

"तिथं नको!" मी इतक्या मोठ्यानं ओरडलो, की गेटवरचा वॉचमन धावत आला. नऊ वर्षांपूर्वी पाहिजे होता तो आवाज आत्ता निघाला. वहिनी करा छातीशी धरून माझ्याकडं बघत राहिली.

"का? वाळूवर नाय ठेवायचा तर कुठं ठेवायचा?"

वॉचमनला मी परत पाठवलं. मग सांगितलं. माठ मी आणला, पिंपावर मी ठेवला, वाळू मी भिजवली. आप्पानं पाणी टाकलं नाही. त्यानं वाळूच टाकली, त्याला ती ओली आहे हे माहीत नव्हतं. नाल्यात ओतलेली वाळू सांगितली, साहेबांपुढचा 'हो' सांगितला. आणि हेही सांगितलं, "वहिनी, दवाखान्यात तो पाणी मागत नव्हता. तो मला सांगत होता वाळू ओली आहे म्हणून. तू त्याला तहानलेला ठेवला नाहीस."

ती खाली बसली. करा मांडीत धरला. मग तिनं जे विचारलं ते मी धरून चाललो नव्हतो. "म्हंजी त्यांनी पाणी नाय टाकलं?"

"नाही."

"वाळू टाकली. जशी शिकवत व्हते तशी?"

"तशीच. कडेकडेनं."

ती रडली, पण तिचा चेहरा मोकळा झाला होता. नऊ वर्षं तिनं दोन ओझी वाहिली होती, नवरा मूर्खपणानं मेला हे एक आणि तहानलेला मेला हे दुसरं, आणि दोन्ही माझ्या हातची होती. पदरानं डोळे पुसून ती उठली आणि मग तिचा आवाज बदलला. आयुष्यात पहिल्यांदा तिनं मला अरे-तुरे केलं.

"माठ ठेवला ते जाऊ दे. मीबी तिथंच ठेवला असता, आत्ता ठेवतच व्हते. पर तू त्येला दर साल उभा करून येडा ठरिवलास. बाजारात माझ्या तोंडावर म्हनत्यात, आप्पाचं पाणी करू नगंस. माझ्या नातवाच्या शाळंत म्हनत्यात. ज्यांच्याम्होरं बोललास त्यांच्याम्होरं बोल आता. मी ऐकल्याबिगर गावाला जात नाय."

करा तिनं गेटबाहेरच्या लिंबाखाली भरला.

सुरक्षेचं भाषण पुढच्या सोमवारी होतं. तोवर ती आमच्याकडं बजाजनगरला राहिली. कस्तुराबरोबर भाकरी थापायची, दारात बसून रस्ता बघायची, माझ्याशी कामापुरतं बोलायची. मी तात्यासाहेबांना जाऊन सगळं सांगितलं. ते जमीनजुमला असलेल्या घरातले, माणूस वाईट नाही. टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. "गाडलेली मढी कशाला उकरता, भिकनराव? झाकली मूठ सव्वा लाखाची. तुमच्यामुळं नऊ वर्षांत शेडमध्ये एक ठिणगी पडली नाही. ते पाण्यात घालणार का?" मी म्हणालो, मला त्या मुठीनंच पछाडलंय, साहेब. त्यांना ते समजलं नसावं, पण त्यांनी अडवलं नाही.

मला वाटलं होतं, वहिनीला सांगितलं म्हणजे आप्पा जाईल. आखितीच्या दुसऱ्या दिवशी दोनचा भोंगा झाला आणि तो पिंपापाशी होताच. मूठ उघडून उभा. वाळू जशीच्या तशी. त्याच्या चेहऱ्यावर तीच शिकवणाऱ्याची चिकाटी, की अर्धं उत्तर दिलंस, पुढं बोल. पुढचं मला चांगलं माहीत होतं. वहिनीला सांगताना मी बारा पावलं गाळली होती. मी गेटवर होतो हे तिला नऊ वर्षांपासून माहीत होतं आणि मी ते तसंच राहू दिलं होतं. चोराच्या मनात चांदणं. माठ माफ झाला होता, खोटं बोलणंही भाषण दिलं की फिटणार होतं. तिसरं सांगितलं तरी ते फिटण्यासारखं नव्हतं.

सोमवारी अंगणात सत्तर-ऐंशी माणसं बसली. नवे होते तसे जुनेही मुद्दाम बसवून घेतले होते. पुढच्या रांगेत तात्यासाहेबांच्या शेजारी खुर्ची ठेवली होती, पण बानावहिनी जमिनीवरच बसली, पदर डोक्यावर घेऊन. माणसांच्या मागं, पॅसेजच्या तोंडाशी, आप्पा होता. भोंग्याला अजून तीन तास होते.

मी बोलायला लागलो. आधी नेहमीसारखं. चुरा झाडा, डब्याला झाकण लावा, ओल लागू देऊ नका. मग म्हणालो, "तुम्ही सगळे एक म्हण वापरता. ती माझी आहे आणि ती खोटी आहे." आणि सगळं सांगितलं. माठ, वाळू, दोन दोन तांबे पाणी, नाला, साहेबांपुढचा 'हो'. "आप्पानं पाणी टाकलं नाही. त्यानं ओरडून सगळ्यांना पाणी आणू नका म्हणून सांगितलं, आणि वाळूचं घमेलं घेऊन एकटा आत गेला. त्याच्या हातून एकही चूक झाली नाही. चूक माझी. यापुढं कुणाला मूर्ख म्हणायचं असेल तर माझं नाव घ्या."

मागचा एकजण टाळ्या वाजवायला गेला आणि दुसऱ्यानं त्याचा हात धरला. मला हलकं वाटलं. लाज वाटते सांगायला, पण वाटलं. वहिनीचे डोळे भरून आले होते, ती मान हलवत होती. मी माईक खाली ठेवला. एवढ्यावर संपलं असतं.

"भावजी," ती बसल्या जागेवरून म्हणाली. आवाज मऊ होता, पुन्हा अहो-जाहोवर आली होती. "एक इचारू? त्यांनी पाणी आणू नका म्हनून वरडून सांगितलं, ह्ये तुमाला कुनी सांगितलं? समदे तर पळाले व्हते. तुमी गेटवर व्हता."

ती मला पकडत नव्हती. नवऱ्याचे शेवटचे शब्द होते ते, तिला अजून ऐकायचे होते. बाकी काही बोलला का, एवढंच तिला पाहिजे होतं.

मी मागं बघितलं. आप्पानं मूठ पुढं धरली होती. रामकिसननं सांगितलं, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. रामकिसन नोकरी सोडून कधीच गेला होता.

"मी गेटवर नव्हतो," मी म्हणालो. माईक खाली होता, पण ऐकू सगळ्यांना गेलं. "मी तिथंच होतो. पिंपापाशी."

"जवळ?"

"दोन हातांवर."

"मग वाळू वली हाय ह्ये..."

"दिसत होतं."

"अन् त्ये आत जाईस्तवर..."

"बारा पावलं," मी म्हणालो. "मी बोललो नाही."

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. ती उठली, तात्यासाहेबांची खुर्ची धरून सरळ उभी राहिली आणि माझ्याकडं बघत राहिली. तिच्या मागं पॅसेजचं तोंड रिकामं होतं. आप्पा गेला होता, आणि त्या क्षणी तो परत यावा, मला एकटं टाकू नये, असं मला फार वाटलं.

"नऊ वर्सं मी येकच म्हनत आले," वहिनी म्हणाली, "आपलं मानूस जवळ असतं तर वाचले असते."